सहा फूट तीन इंचांचा तो हरामखोर

किर्कहेवन,
मंगळवार, दुपारची जेवणाची सुट्टी
(गवत कापायच्या यंत्रावर बसून)

ती. एल्सपेथ आत्यास,

स्ट्रुअनचा वाकून नमस्कार. (वाकणं हे किती अवघड काम आहे ते पुढे कळेलच, म्हणून हा नमस्कार जरा जास्त मोलाचा धर.) तुझा खुबा कसा आहे? क्रीफला पाऊस असेल तर पायऱ्यांवर जाऊ नकोस. कोंबड्यांना आणि त्या एका डोळ्याच्या मांजराला माझी आठवण सांग. तुझा मुरंबा पोचला. अर्धा मी खाल्ला, उरलेला आईने लपवलाय. फोन करणार होतो, पण तू फोन कानाला उलटा धरतेस आणि मग मीच ओरडतो असं सगळ्या घराला सांगतेस, म्हणून पत्र. शिवाय मी ओरडणारच होतो, म्हणूनही पत्र.

तुला ठाऊकच आहे की डंडीच्या कॉलेजातलं पूलबांधणीचं शिक्षण मी अर्ध्यावर सोडलं. बाबा अजून जेवताना 'अर्धा पूल' म्हणूनच मला हाक मारतात. कारण मी सगळ्यांना सांगितलं ते असं की प्राध्यापकांशी पटलं नाही. (पटलं नव्हतंच. मी त्यांना भर वर्गात म्हणालो होतो की तुमच्या पुलावरून मी माझी सायकलही नेणार नाही.) खरं कारण तुला एकटीला सांगतो. रोना मॅकीला इथल्या गोल्फ क्लबच्या दुकानात नोकरी लागल्याचं आईने पत्रात लिहिलं, आणि त्याच पत्रात खाली लिहिलं की हल्ली गावातल्या सगळ्या पोरांना अचानक हातमोजे हवे असतात. मी त्याच आठवड्यात परतलो आणि मैदानावर वॉटीच्या हाताखाली गवत कापायला लागलो. वॉटी म्हणजे हिरवळीचा मुख्य राखणदार. त्याच्या मते माणूस गवताएवढाच असतो, कापला नाही तर माजतो.

आता जोडीच्या सामन्याच्या त्या चांदीच्या वाटीबद्दल तुला मी सांगणं म्हणजे अगाऊपणा. तू आणि डूगल काकांनी ती नऊ वेळा जिंकली. क्लबच्या जिन्यात अजून नऊ फोटो आहेत, नऊही फोटोंत तू ताठ उभी राहून हसतेस आणि काका चेंडूवर वाकलेले, तोंड दिसतच नाही, नुसती टोपी. (आई म्हणते, फारच लाजाळू माणूस.) तर तो सामना या शनिवारी आहे. नियम तुमच्याच वेळचा: दोघांत एक चेंडू, तो भोकात ढकलायला दोघांत एकच पटर, आळीपाळीने मारायचं. आणि गावाचा न लिहिलेला नियमही तोच. एका पटरवर ज्यांचे हात पडले, त्यांच्या लग्नात कुठली टोपी घालायची ते बायका त्याच संध्याकाळी ठरवतात. गेली चार वर्षं रोना तिच्या वडिलांबरोबर खेळायची, तेव्हा मी सुखात होतो. यंदा वडिलांचा गुडघा गेला. दुकानातल्या नावनोंदणीच्या फळ्यावर तिने खडूने लिहिलंय 'रोना मॅकी आणि', आणि पुढे रिकामं. शुक्रवारी दुपारी फळा बंद होतो. ती रिकामी जागा, आत्या, मी रोज सकाळी बघून येतो. कुणी भरली तर नाही ना, एवढंच.

आणि अशा वेळी क्रॉफर्ड आला.

क्रॉफर्ड एडिंबरोचा. तो खेळाडू नाही, तो पटर जुळवून देतो. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याने कॅमेरा आणि पडदा मांडलाय. तुम्ही चेंडू मारायचा आणि तुमचा पटर कसा डुगडुगतो ते त्याने पडद्यावर दाखवायचं. मग उंची मोजायची, मनगट मोजायचं, डोळे तपासायचे आणि गोड आवाजात सांगायचं की इतकी वर्षं तुम्ही चुकीचाच पटर वापरत होता. माणसं रडायची बाकी असतात. त्याचे दात फार सरळ आहेत. मला तेव्हाच संशय आला.

रोज दुकान बंद झालं की रोना त्या खोलीत. मी काही हेरगिरी केली नाही, माझं काम नेमकं खिडकीखालच्या पट्ट्यात निघालं. पहिल्या दिवशी तिने मारलं, तो म्हणाला "वा." दुसऱ्या दिवशी त्याने तिचं कोपर दोन बोटांनी आत वळवलं. (दोनच बोटं! पण बोटं ती.) मी यंत्र ढकलत त्या खिडकीवरून सात वेळा गेलो. वॉटी आला, पट्ट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पोरा, या गवताने तुझं काय घोडं मारलंय?"

"वाढलं होतं."

"आता सात वर्षं वाढणार नाही. आणि खिडकीतून आत बघायचं तर मान तरी खाली घाल, उंटा."

मी ठरवलं की रोनासमोर आपणच पटर नेऊन ठेवायचा. रिकाम्या जागेचा प्रश्न मग आपोआप सुटेल. पहिला आणला तो मला अगदी बेतशीर, लांब, डोकं पाव भाजायच्या यंत्राएवढं. मी मारले त्यातले दहापैकी आठ चेंडू आत गेले. रोनाच्या हातात दिला तर मूठ तिच्या छातीशी आली. ती म्हणाली, "स्ट्रुअन, हा पटर आहे की होडीचं वल्हं?" दुकानातली सगळी हातमोजेवाली पोरं हसली. दुसरा आणला तो तिच्या मापाचा. तो तिच्या हातात असा शोभला की मी बघतच राहिलो. मग माझी पाळी. मी वाकलो, मारला, चेंडू आत गेला आणि मी तसाच राहिलो. आत्या, सरळच होता येईना! कमरेत कुणीतरी खुंटी ठोकल्यासारखं झालं. वॉटीने मला गवताच्या ढकलगाडीत घालून, तोंड जमिनीकडे अशा अवस्थेत, भर बाजारातून घरी पोचवलं. रोना दारात उभी राहून हात हलवत होती, हे मला नंतर सांगण्यात आलं. मला फक्त चाक दिसत होतं.

कंबर सुटल्यावर मी सरळ क्रॉफर्डकडेच गेलो. शत्रूच्या घरात गिऱ्हाईक म्हणून शिरायचं, असा बेत. तो म्हणाला, "या, या. बाकीच्या काठ्यांनी माणूस ताकद दाखवतो. पटरने स्वभाव दाखवतो." मी मनात म्हटलं, दाखवतोच. त्याने दोन्ही पंजे जोडून मधे फट करायला लावली, फटीतून समोरच्या झेंड्याकडे बघायला सांगितलं आणि एकेक डोळा मिटायला लावला. ज्या डोळ्याला झेंडा दिसत राहील तो तुमचा खरा डोळा, आणि तो कुठला ते कळल्याशिवाय पटर निवडू नये, म्हणे. मी म्हणालो, दोन्ही डोळ्यांना दिसतंय. तो म्हणाला, असं होत नाही. मग त्याने माझ्या फटीच्या रोखाने पाहिलं. झेंडा डावीकडे होता. फटीत रोना होती, हातमोज्यांची खोकी लावत.

मग मी मारलं आणि त्याने पडद्यावर दाखवलं. "बघा, तुमचा पटर मागे छान जातो. पुढे येताना क्षणभर थांबतो. आणि मग चेंडूवर धावून जातो, भांडायला गेल्यासारखा. तुम्हाला जड डोक्याचा पटर हवा. डोकं तापट असलं की पटर तरी जड असावा."

रोना मागून हसली. एकदाच, पण हसली.

तेवढ्यात क्रॉफर्ड जड पटर आणायला वळला आणि मला त्याच्या टेबलावर एक कार्ड दिसलं. वर नाव रोनाचं. खाली 'उंची: पाच फूट दोन.' आणि त्याच्या खाली, तिच्याच अक्षरात, 'जोडीदाराची उंची: सहा फूट तीन.'

आत्या, मी ते तीनदा वाचलं. क्रॉफर्ड म्हणजे जेमतेम पाच फूट आठ! म्हणजे क्रॉफर्ड नव्हेच! म्हणजे तिसराच कुणीतरी! मी तीन आठवडे ज्याच्यावर जळत होतो तो बिचारा नुसता मापं घेत होता, आणि इकडे सहा फूट तीन इंचांचा एक हरामखोर गावात उघड हिंडत होता! क्रॉफर्डने हातात दिलेला जड पटर मी तसाच घेऊन बाहेर पडलो आणि ओढ्यात भिरकावला. (मग तो आपला नाही हे आठवलं, म्हणून गुडघाभर पाण्यात उतरून काढला, पुसला आणि परत नेऊन दिला. क्रॉफर्ड म्हणाला, "फेक मात्र तुमची एकदम सरळ आहे.")

तेव्हापासून मी उंच माणसं मोजतोय. दुसरा धंदा नाही. झाडूच्या दांड्यावर खूण करून घेतली आणि काहीतरी निमित्त काढून शेजारी उभं करायचं. पोलीस शिपाई सहा फूट चार, वाचला. पाद्रीबुवा बुटांसकट सहा फूट एक, आणि झाडू घेऊन चर्चमध्ये आलो म्हणून त्यांनी मला सगळा सज्जा झाडायला लावला. मासळीवाला लोर्न अगदी काटेकोर सहा फूट तीन! त्याला बायको आहे, चार मुलं आहेत, पण म्हणून मी काय गाफील राहू? मी त्याच्याकडचा हॅडक घेणं बंद केलं. आई विचारते शुक्रवारी मासळीचं सूप का नाही, आता तिला काय सांगू? मी स्वतः सहा फूट एक. आपल्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर आईने मारलेली रेघ आहेच. म्हणजे बघ, सगळं असून मी प्रेमात दोन इंचांनी कमी पडलो. जाड तळव्याचे बूट घालून पाहिले. यंत्र ढकलताना पडलो.

तर आता एकच उपाय. तुझ्या शेकोटीवर टांगलेला डूगल काकांचा पटर मला पाठव. तोच, पितळी डोक्याचा, ज्याच्या दांडीचं वरचं टोक कुणीतरी करवतीने कापून सुतळीने गुंडाळलंय. (लहानपणी मला वाटायचं तो कुठल्यातरी अपघातात तुटला असावा.) नऊ वाट्या जिंकलेला पटर मी तिच्यापुढे ठेवला तर लोर्न काय, लोर्नचा बापही फळ्यावर चढणार नाही. तुझ्या आठवणीची वस्तू मागतोय, हे कळतं मला. पण ती रिकामी जागा शुक्रवारपर्यंतच आहे. मोठ्यांना नमस्कार, कोंबड्यांना दाणे, तुला पुष्कळ प्रेम.

तुझाच, दोन इंचांनी हरलेला,
स्ट्रुअन

ता. क. पाकीट चिकटवण्याआधीच वॉटीने हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचलं. (त्याच्यापाशी लाज हे खतच नाही.) वाचून झाल्यावर त्याने मला नवव्या होलाच्या झेंड्याच्या काठीला टेकवून उभं केलं आणि खिशातली टेप काढली. "सहा फूट तीन," तो म्हणाला. मी म्हणालो, चौकटीवर रेघ आहे. तो म्हणाला, "ती रेघ तू सोळा वर्षांचा होतास तेव्हाची, गाढवा. त्यानंतर कुणी मोजलंय तुला?"

आत्या, मी गेला आठवडाभर माझ्यावरच जळत होतो.

ता. क. २. बुधवार. मी दुकानात गेलो. बुटांना चिखल होता. मी रोनाला विचारलं, माझी उंची मला ठाऊक नाही, तुला कशी? ती म्हणाली, "खिडकीतून. तू गेलास की तुझं कपाळ बरोब्बर तिसऱ्या काचेच्या वर येतं. काच मी टेपने मोजली. सात वेळा गेलास, सात वेळा पडताळून घेतलं." मी म्हणालो, मग आधी सांगायचं ना. ती म्हणाली, "कार्ड तीन दिवस टेबलावर उघडं ठेवलं होतं, स्ट्रुअन. त्यावर आता चित्र काढायला हवं होतं का?" फळ्यावरची जागा तिने माझ्यासमोर भरली. खडू मात्र क्रॉफर्डने पुढे केला. हे मी विसरणार नाही.

मासळीवाल्या लोर्नकडून एक मोठा हॅडक घेतला. त्याला काही कळलं नाही, पण बरं वाटलं.

ता. क. ३. क्रॉफर्डचं म्हणणं असं पडलं की पाच फूट दोन आणि सहा फूट तीन या दोघांना एकदम जुळणारा पटर जगात नाही. मधला घेतला तर दोघांचंही बिघडतं. एकाला बरोबर घ्यायचा आणि दुसऱ्याने जमवून घ्यायचं. रोना माझ्याकडे बघत होती. मी तिच्या मापाचा घेतला. मग घरी येताना क्लबच्या जिन्यात थांबलो आणि ते नऊ फोटो पुन्हा नीट पाहिले. काका लाजाळू नव्हते, आत्या. ती दांडी त्यांनी कुणाच्या मापाने कापली ते आज कळलं. तू नऊही फोटोंत ताठ उभी कशी, तेही.

तेव्हा पटर राहू दे, भिंतीवरच शोभतो. त्याऐवजी काकांचा तो लोकरीचा कमरेचा पट्टा ट्रंकेत असेल, तो गुरुवारच्या टपालाने पाठव. आणि काका रात्री कमरेला काय चोळायचे तेही लिही. एका वर्षापुरतं नको, मोठी बाटली सांग.