गारो नुसता रस प्यायला

५ नोव्हेंबर, सकाळ
तळघरातली बादली झाकायची राहिली. गारोनं चाटूनपुसून साफ केली. कुत्रंच ते! घाबरण्यासारखं काही नाही. द्राक्षांचा रस आहे, दारू नव्हे. अकरा तारखेला, संत मार्टिनच्या दिवशी, गावातलाच कोणीतरी बिशप बनून रसाला बाप्तिस्मा देतो, की मग त्याची वाइन. तोवर रसच. यंदा बिशपचा झगा घालून बाप्तिस्मा मीच देणार, तेव्हा यातलं मला कळतं.
बायकोला, बारित्साला, सांगायचं नाही. बाईमाणूस, उगाच धसका घेईल.

दुपार
गारोचे मागचे पाय ऐकत नाहीत. गॅस असणार. दूध पाजलं. ओकला. छान, सगळं बाहेर पडलं. मी एकदम शांत. अंगणात येरझाऱ्या घालतोय, पण त्या पचनासाठी.
शेजारचा इम्ब्रो कुंपणावरून म्हणाला, कुत्रं फुल टाइट झालंय की रे तुझं! मी म्हटलं, बाप्तिस्म्याआधी कोणी टाइट होत नसतं. म्हणाला, हे गारोला सांग. मूर्ख माणूस.

संध्याकाळ
पुन्हा ओकला. आता उठतच नाही. केवळ माहितीसाठी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. कुत्रा रस प्यायला तर काय करावं? त्यांनी विचारलं, कसला रस? म्हटलं, फळांचा. खोटं नाही. कुठल्या फळांचा? तेवढ्यात रिकामी बादली घेऊन बारित्सा आली आणि तिनं फोन हिसकावला. द्राक्षांचा, महिनाभर फसफसलेला, आणि हा शहाणा सकाळपासून तोंड शिवून बसलाय, असं ओरडली. बाई म्हणाल्या, द्राक्षं कुत्र्याला विष, मूत्रपिंडं जातात, वर दारू. दूधबीध काही पाजू नका, आत्ताच्या आत्ता आणा.
गाडी बारित्सानं चालवली. मी माझा कोट गारोला पांघरला. थंडी फार.

६ नोव्हेंबर
सलाइन चालू. बाई म्हणतात, सकाळीच आणायला हवा होता. अजून खात्री देत नाहीत. जेवण जात नाही. देवा, चूक झाली. म्हणजे बादलीची.

८ नोव्हेंबर
गारोला व्यवस्थित लघवी झाली! वाचला! दवाखान्यात सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो. सर्दी आहे म्हणून सांगितलं.

११ नोव्हेंबर
तळघराला कुलूप, किल्ली बारित्साकडे. बिशप इम्ब्रो. झगा त्याला आखूड होतो. आज तिनंच उघडलं, खाली बाप्तिस्मा झाला, आता गाणी चाललीत. खरं तर बिशप व्हायला मीच नको म्हटलं, गारोपाशी कोणीतरी बसायला हवंच. डॉक्टरीणबाईंनी त्याला नुसतं पाणी सांगितलंय. मला बारित्सानं.