अकरा लाख ही किंमत खरी होती

मी, वाल्मीक धोंडीराम काकड, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा फुलशेती, राहणार मखमलाबाद, नाशिक, पुरत्या शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो. शरीर थकले आहे. डोके थकले असले तरी ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. ते केले तेव्हा माझी मुले एकमेकांशी बोलत होती.

खाली लिहिलेली सर्व मिळकत माझ्या स्वकष्टाची आहे. वडिलांकडून मला नाव आणि गुडघेदुखी आली, बाकी काही नाही.

१. राहते घर माझी पत्नी सिंधुबाई हिच्याकडे ती हयात असेपर्यंत राहील. "आई, तू आमच्याकडे चल" असे गोड बोलून घराला कोणी कुलूप लावू नये. तिला तिच्या ओट्यावर बसायला आवडते. तिच्या पश्चात घर तिन्ही मुलांचे, सारख्या हिश्श्याने.

२. मळा, त्यातील विहीर, गुलाबाचे पॉलिहाऊस, फवारणीचा पंप आणि छाटणीच्या कात्र्या धाकटा मुलगा सोमनाथ यास. थंडीवाऱ्यात मळ्यात राबला तो, हे मी पाहिले आहे. शेजारी चिमाजीची पाइपलाइन आपल्या बांधावरून जाते, ती तोडू नये. चिमाजीने एकदा माझ्याविरुद्ध तलाठ्याकडे अर्ज केला होता. तो मी विसरलेलो नाही, पण त्याच्या रोपांनी माझे काही बिघडवलेले नाही.

३. इंदिरानगर येथील फ्लॅट थोरला मुलगा शेखर यास. तो प्लॉटच्या व्यवहारात आहे, तेव्हा फ्लॅटची किंमत मी त्याला सांगायला नको.

४. आता गाडी. हे कलम लांबेल, कारण भांडण इथेच आहे.

रस्ता रुंदीकरणात जमिनीची एक पट्टी गेली, तेव्हा आलेल्या पैशातून शेखरच्या हट्टाने ही पांढरी गाडी घेतली. घेतानाच ती जुनी होती. परदेशी बनावटीची, टर्बो इंजिनाची, जमिनीला पोट टेकवून पळणारी. कागदावर ती माझ्या नावावर होती. चालवायचा शेखर. मी तिच्यात बसणे टाळायचो, कारण बसल्यावर उठता येत नसे.

मागच्या वर्षी आजारपण वाढले आणि मी वाटणी करायला घेतली. मळ्याची किंमत फ्लॅटपेक्षा जास्त. म्हणून गाडी शेखरने ठेवायची आणि राहिलेला फरक सोमनाथने त्याला रोख द्यायचा, असे ठरत होते. म्हणजे गाडी जितकी स्वस्त धरावी तितकी शेखरला रोकड जास्त. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सगळे कळेल.

शेखर म्हणाला, "अण्णा, जुनी गाडी म्हंजे भंगार. सहा लाख धरा."

सोमनाथने मोबाइल पुढे केला. "हे बघा, मुंबईत हीच गाडी अठराला हाय."

विम्याच्या कागदावर तिसराच आकडा होता. मी जन्मभर फुलबाजारात माल विकला. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यातले अंतर मला माहीत आहे. पण गुलाबाचे कळीवरून कळते, गाडीचे मला काय कळणार? म्हणून अंबडच्या नवनाथकडे गेलो. त्याचे गॅरेज आहे आणि असल्याच वेगाच्या गाड्या त्याच्याकडे येतात. त्याला दोन्ही मुलांचे आकडे सांगितले नाहीत.

नवनाथने गाडी वर उचलून खालून पाहिली. रंगाची जाडी मोजायचे यंत्र पत्र्यावरून फिरवले. पुढचा डावा पत्रा पुन्हा रंगवलेला निघाला, पण सांगाडा सरळ होता. इंजिनाची ताकद कॉम्प्युटरवरून वाढवून घेतलेली होती. सायलेन्सर बदललेला होता.

"मूळ सायलेन्सर कुठाय, अण्णा?"

"खतांच्या खोलीत पडलाय."

"मग टाकू नका. घेणाऱ्याला गाडी पहिल्यासारखी करता आली पाहिजे. पोरांनी वरून जे बसवलं, त्याचा खर्च भावात मिळत नाय. उलट घेणारा घाबरतो, की हिला लय पिदडली आसंल."

मी म्हणालो, "मग सांग किंमत."

"चालवल्याशिवाय नाय सांगत. बसा."

पेठ रस्त्याने सावळघाटापर्यंत गेलो. सपाटीवर तो हळूच चालवत होता आणि कान देऊन ऐकत होता. पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना गाडी थोडी थरथरायची. म्हणाला, "हा गिअरबॉक्सचा खर्च. पुढच्या वर्षभरात येणार. तो वजा." घाटात चढ लागला, पुढे रस्ता मोकळा दिसला, तेव्हा त्याने पाय दाबला. माझी पाठ सीटला चिकटली. वळणावर गाडी अशी वळली, जणू तिला रस्ता पाठ होता. माझ्या तोंडून आरोळी निघाली. भीतीची नव्हती. त्या वर्षात मी इतका मोकळा हसलो नव्हतो. शेखरला हिचे वेड का, ते मला त्या वळणावर कळले. हे मी त्याला कधी सांगितले नाही, इथे सांगतो.

खाली उतरल्यावर नवनाथने चहाच्या टपरीवर हिशेब मांडला. सर्व्हिसिंगच्या पावत्या सगळ्या आहेत, हे चांगले. टायर संपत आलेत, गिअरबॉक्स बोलतोय, हे वाईट. असल्या गाडीला गिऱ्हाईक कमी, पण जे येते ते जाणते येते. "अकरा लाख. मी दलाली घेत नाय, म्हणून खरं सांगतो. याच्यावर कुणी दिले तर त्याला गाडी कळत नाय. याच्याखाली कुणी मागितली तर त्याला तुमची अडचण कळलीय."

मी घरी येऊन अकरा सांगितले. शेखरला ते फार वाटले, सोमनाथला फार कमी.

शेखर पुन्हा म्हणाला, "सहाच्या वर कोण घेतं?"

सोमनाथ म्हणाला, "मी घेतो सहाला. दे चावी."

शेखरचा चेहरा उतरला. गाडी द्यायची त्याची तयारी नव्हती. म्हणाला, "सात."

"आठ."

"नऊ."

लासलगावच्या लिलावात बोली चढते तशी चढत गेली. तिथे निदान ट्रॅक्टरमध्ये कांदा असतो आणि बोलणारे परके असतात. इथे मी खाटेवर बसलेलो, आणि माझे दोन मुलगे माझ्या देखत एकमेकांवर आकडे फेकत होते. सिंधुबाई म्हणाली, "अरे, बाप जित्ता हाय अजून." कोणी थांबले नाही. शेखर एकदम सोळावर गेला, तेव्हा सोमनाथ मागे रेलला.

"घे. तुझीच. सोळा धरा अण्णा त्याच्या हिश्श्यात."

त्याला गाडी नकोच होती. शेखरला ते कळायला एक क्षण लागला. मग तो उठला, चावी माझ्या खाटेवर टाकली आणि म्हणाला, "सोळाला मी नाय घेत. न्या मळ्यात, शेणखत वहा तिच्यात." त्यानंतर भाऊ भावाशी बोललेला नाही.

त्या सोळा लाखांत गाडी अकराचीच होती. वरचे पाच लाख रागाचे होते. राग कोणाच्या वाटणीत घालायचा नाही, असे मी ठरवले आणि गाडी विकायला काढली.

मुलगी तेजस्विनी देवळ्याला दिलेली आहे. तिची स्वतःची रोपवाटिका आहे. ती भेटायला आली.

"अण्णा, गाडी विकायची हाय ना?"

"हाय. पण घेतंय कोण?"

"मी."

"जावईबापूंना हवी का?"

"त्यांना घाटात मळमळतं. मला हवी."

तेव्हा मला टेम्पो आठवला. लग्नाआधी फुलांचा टेम्पो पहाटे बाजारात तीच न्यायची. मुलगे झोपलेले असायचे. ती टेम्पो कसा चालवायची याचे बाजारात कौतुक होते, घरात त्याची गरज होती. तिला चालवायला आवडते का, असे कोणी विचारले नाही, कारण गाडी चालवणे हे काम होते.

मी म्हणालो, "तुला काय भाव लावू, पोरी? नऊ दे."

"नाय. नवनाथभाऊंनी अकरा सांगितले ना? मी मालेगावच्या एका गॅरेजवाल्यालाबी फोटो दाखवलेत. तोबी अकराच्याच आसपास म्हणतोय. बापाची पोर म्हणून स्वस्तात नको, आन् भावांचा राग म्हणून म्हागातबी नको."

तिने अकरा लाख माझ्या खात्यात भरले. नाव बदलून झाले. खतांच्या खोलीतला सायलेन्सरही ती घेऊन गेली.

पंधरा दिवसांत मला आणि तिला वकिलाची नोटीस आली. वडील आजारी असता त्यांच्यावर दबाव आणून सोळा लाखांची गाडी बहिणीने अकराला लाटली, अशी. खाली शेखर आणि सोमनाथ दोघांच्या सह्या. एका कागदावर त्यांच्या सह्या मी कित्येक महिन्यांनी पाहिल्या. वाचून तेजस्विनीला फोन केला, तर ती म्हणाली, "जाऊ द्या अण्णा, निदान यात तरी एक झाले."

म्हणून स्पष्ट लिहितो. गाडी मी राजीखुशीने, जाणकाराने चालवून ठरवलेल्या भावाने विकली आहे. अकरा लाख ही तिची पुरी किंमत होती. तेजस्विनीवर माझे पाच लाख तर सोडाच, पाच रुपयेही निघत नाहीत. जो मुलगा ही किंमत कोर्टात नेईल, त्याने आधी नवनाथबरोबर सावळघाटातून एक फेरी मारून यावे.

५. गाडीच्या पैशातून औषधपाणी भागून जे उरेल ते सिंधुबाईचे. पतसंस्थेतील ठेव तेजस्विनीची. मळा आणि फ्लॅट यांतील फरक सोमनाथने शेखरला द्यायची गरज नाही. मळ्यातील कष्ट मी त्या फरकात वजा धरले आहेत. शेखरला हे पटणार नाही, पण मला आता सगळ्यांना पटवण्याएवढा दम उरलेला नाही.

६. दिवसकार्याला तिघांनी एका घरात जेवावे. बोलले पाहिजे असे नाही.

शेवटी एक लिहायचे राहिले. या भाऊबीजेला तेजस्विनी तीच गाडी घेऊन आली. शेखर नोटिशीनंतर पहिल्यांदाच घरी आलेला होता. तो तिच्याशी बोलला नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकला, चाकावर हात ठेवला.

"मागच्या टायरात हवा कमीय," तो गाडीकडे बघत म्हणाला.

"मला कळेना कितीची ठेवायची," ती म्हणाली.

"चल. दाखवतो."

तिने चावी त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली नाही, बाजूच्या सीटवर जाऊन बसला. हवा भरायचे दुकान कोपऱ्यावर आहे, पण ती दोघे तासाभराने परतली. तेजस्विनी भावांना ओवाळणार म्हणून सिंधुबाईने पाट दोन मांडले होते. एक रिकामा राहिला. सोमनाथ मळ्यातून आलाच नाही. त्याला वेळ लागेल. मला तेवढा वेळ नाही, म्हणून हे लिहून ठेवले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. साक्षीदारांसमोर सही करत आहे. सही वाकडी आली असेल, तर ती आजाराने; मजकुराबद्दल शंका म्हणून नव्हे.

सही: वाल्मीक धोंडीराम काकड

साक्षीदार, ज्यांना या मिळकतीतून काहीही मिळणार नाही:
१. नवनाथ रामभाऊ गांगुर्डे, अंबड, नाशिक
२. गोटीराम सखाराम तिडके, निवृत्त शिक्षक, मखमलाबाद

ठिकाण: नाशिक
दिनांक: २७ ऑक्टोबर २०२५