मान डोलावणाऱ्या बाईंना

काउन्सेलर बाई,

नमस्कार घालायची इच्छा नाही, म्हणून घालत नाही.

पहिल्या दिवशी मी थाप मारली, की आमच्या घरी वाघ पाळलाय. तुम्ही मान डोलावलीत. "ऐकतेय हं, बोल." काल खरं सांगितलं, की आई घर सोडून गेली. तीच मान, तेच "ऐकतेय हं"!

शाळेच्या वॉचमनकाकांची शिट्टी मी रोज लपवते. आज नाही लपवली, तर त्यांनी फाटकावरच अडवलं. "काय गं कार्टे, शिट्टी जागेवर कशी? काय झालंय?"

तिथंच रडले.

तुमच्या दारावरची 'इथे ऐकलं जातं' ही पाटी मी त्यांच्या केबिनला लावलीये. काढून दाखवा!

हे पत्र देणार नाही. दिलं तरी मानच डोलावाल.

तुमची मुळीच नसलेली,
वाघवाली