कार्टमधून काढलेली कडी

प्रिय ठकू,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच ठेवून देशील अशी धास्ती होती, म्हणून पत्ता कारखान्यातल्या मोठ्या बाईंकडून लिहून घेतला. लबाडी आहे, कबूल. तीन महिने झाले तुला घर सोडून मावशीकडे जाऊन, आणि या तीन महिन्यांत आपण दोघी एका शब्दानं बोललो नाही. तू माझे फोन घेत नाहीस, आणि का घ्यावेस? ज्याचं घर तू सोडलंस त्याची मी सख्खी बहीण. कोर्टात तुझ्या बाजूनं बोलणारं त्या घरातलं एकही माणूस नाही, आणि त्यामुळे तुझं म्हणणं लंगडं पडतंय, हे मोठ्या बाईंनी मला सांगितलं. त्यावर मला लिहायचंच आहे. पण मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, तेव्हा आधी थोडं इकडचं तिकडचं सोस.

आपल्या कवळ्यांच्या कारखान्यात सगळं ठीक चाललंय. तुझ्या जागेवर एक नवी मुलगी बसवली आहे. हात चांगला आहे तिचा, मेणात दात रांगेत लावते ते बघत राहावं, पण रंग जुळवायला खिडकीपाशी जात नाही. ट्यूबलाइटखालीच बघते आणि मग पंच्याहत्तरीच्या आजोबांच्या कवळीत पांढरेशुभ्र दात बसतात. परवा मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवून तिला विचारलं, की हे आजोबा पुन्हा बोहल्यावर चढणार आहेत का. फोन घेणारी आपली टेलिफोन इतकी हसली की पलीकडच्या डॉक्टरांना वाटलं आपण त्यांनाच हसतोय. मी मात्र उगाच तुझ्या स्टुलाकडे बघितलं. तुझ्याशिवाय हसायची सवय अजून झालेली नाही.

आपलं कार्ट अजून आहे. नव्या मुलीला काल ते समजावून सांगताना मला जाणवलं, की बाहेरच्या माणसाला हा प्रकार किती खुळ्यासारखा वाटत असेल. कल्पना तुझीच होती. चौघींनी ऑनलाइन चार वेळा मागवायचं आणि चारदा माल पोचवायचे पैसे भरायचे यापेक्षा माझ्या खात्यावर एकच सामायिक कार्ट करू, असं तू म्हणालीस. महिनाभर जिला जे लागेल ते तिनं त्यात टाकायचं, प्रत्येक वस्तूपुढे टाकणारीचं नाव दिसायचं, आणि पहिल्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी बटण दाबायचं. कार्ट कुणाचं असं कुणी विचारलं की मोठ्या बाई म्हणायच्या, चौघींचं आहे, म्हणूनच शेफारलंय. मग पाहुण्याची रीत पडली, तीही तुझ्याचमुळे. महिन्यातून एक तरी अचाट वस्तू कुणीतरी गुपचूप आत सरकवायची, तो पाहुणा. मी तो बटण दाबायच्या आधी ओळखून बाहेर काढायचा आणि त्याच्यावर दोन ओळी लिहून सगळ्यांना पाठवायच्या. ओळखला नाही तर तो माझ्या गळ्यात. पाण्याखाली पोहताना लावायचा तो भलामोठा चष्मा असाच माझ्या घरी आला. मी तो लावून कांदे चिरते, डोळ्यांतून टिपूस येत नाही.

पाच महिन्यांपूर्वीच्या एका गुरुवारी तुझ्या नावापुढे एक कडी दिसली. दाराला आतून लावायची, स्टीलची, आठ इंची. तिच्याबरोबर स्क्रू आणि एक छोटा पेचकस. टेलिफोननं लगेच फोनवर हसण्याच्या चार बाहुल्या पाठवल्या. मी रीतीप्रमाणे पाहुणा बाहेर काढला आणि लिहिलं, ठकूबाई आतून कडी घालून कुठला खजिना मोजणार आहेत ते आधी जाहीर करावं. तूही एक हसरी बाहुली पाठवलीस, एकच. त्या शनिवारी तुझं काहीच आलं नाही. पुढच्या महिन्यातही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आणि मग एका सकाळी कामावर यायच्या ऐवजी तू एक पिशवी घेऊन मावशीकडे गेलीस.

घरी तेव्हापासून एकच पालुपद आहे. आई येईल त्याला सांगते, की आमच्याकडे कधी कुणाचा आवाजसुद्धा चढत नाही, हिलाच काय एवढं खुपलं. दादा मान खाली घालून जेवतो, शेजाऱ्यांची गाडी ढकलून देतो, आणि लोक म्हणतात, बघा, किती गरीब स्वभाव. मला विचारतात तेव्हा मी म्हणते, मला काय माहीत, मी तर वेगळी राहते. हे मी किमान दहा जणांना सांगितलं असेल. कुठलंही खोटं दहादा बोललं की तोंडात बसतं, आपल्या नव्या कवळीसारखं. सुरुवातीला टोचतं तेवढंच.

ठकू, मला माहीत होतं. ती कडी बघितली त्याच क्षणी कळलं. आपले पाहुणे कधी मापं बघून आलेले नसतात. ही लाकडी दारासाठी होती, डावीकडे उघडणाऱ्या, आणि ते दार मी डोळे मिटून ओळखते. मधल्या खोलीचं. तुम्हा दोघांची झाली ती आता, आधी ती माझी होती. चौकटीवर डोळ्यांच्या उंचीला हात फिरवलास तर रंगाखाली चार खळगे लागतील. तिथे माझी कडी होती. मी चौदा वर्षांची होते, दादा अठराचा. त्याची सायकल न विचारता नेली म्हणून त्यानं माझा हात इतका पिरगळला की मनगटाचं हाड मोडलं. डॉक्टरांना आईनं सांगितलं, जिन्यावरून पडली. आमच्या घराला जिनाच नाही, तळमजला आहे, पण डॉक्टरांनी काही विचारलं नाही. प्लास्टर निघाल्यावर बाबांनी मला आतून कडी बसवून दिली. बाबा गेले त्या वर्षी दादानं ती काढली, भोकांत लांबी भरली आणि वर रंग दिला. घरात दारं बंद करून बसायची काय गरज, असं म्हणाला. आईनं मान डोलावली. मीही गप्प बसले.

आणि पुढे तुला त्या घरात नेणारी मीच. तुझ्याइतकी लाघवी भावजय मिळणार या आनंदात होते मी, आणि लग्नानंतर तो निवळेल असं जे सगळे म्हणत होते, ते मलाही सोयीचं होतं. एका शब्दानं तुला सावध केलं नाही. पुढे त्या गुरुवारी ती कडी मागवलीस तेव्हाही मी विनोद केला, कारण विनोद केला नसता तर मला विचारावं लागलं असतं, आणि विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मग मला काहीतरी करावं लागलं असतं. मी भित्री आहे ग. माझ्या विनोदाला सगळे हसतात, म्हणून हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्या आलं असणार. म्हणूनच ती एकच बाहुली.

आता मुद्दा. तुझ्या वकीलबाईंनी मोठ्या बाईंपाशी चौकशी केली होती, की त्या घरातलं कुणी बोलेल का. मी बोलेन. नऊ तारखेला मी कोर्टात येतेय, मनगटाचं, जिन्याचं आणि त्या दाराचं सगळं सांगायला. ज्या दवाखान्यात प्लास्टर घातलं तिथे जुनी नोंद मिळते का ते बघायला शनिवारी गेले होते, मिळाली. काल आईला सांगितलं. ती म्हणाली, मग या घराचा उंबरा पुन्हा ओलांडू नकोस. मी चपला घालून निघाले.  हे सगळं मोठ्या बाईंकरवी तोंडी कळवता आलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी माझं धैर्य गळालं असतं तर मला नाकबूलही करता आलं असतं. म्हणून कागदावर लिहिलंय, माझ्या अक्षरात, कागदाच्या मागे पूर्ण नाव, तारीख आणि सही करून. मला माफ करायची घाई करू नकोस, नाही केलंस तरी मी येणारच आहे. हे पत्र तू वाचून झालं की जपून ठेवू नकोस, वकीलबाईंच्या हातात दे.

तुझीच,
आधी मैत्रीण, मग नणंद