चार चमचे, पाचवं माप

२ मार्च

चि. सुतळी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई तुझ्याकडे चार दिवस राहून परत आली आणि तुझ्या न्हाणीघरात बाजारचा साबण आहे असं सांगून गेली. गुलाबी, वर फूल कोरलेला. म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. मी जानेवारीत तुला सहा वड्या पाठवल्या होत्या. त्या संपल्या असतील तर तू साबण लावत नाहीस, खातेस. संपल्या नसतील तर गुलाबी वडी कशासाठी, ते कळव.

या खेपेचा, म्हणजे तुला पाठवलेला, साबण चाळीस वर्षांतला सर्वांत पांढरा आणि टणक निघाला आहे. सुरीने वड्या पाडताना खडूसारखा आवाज येत होता. शेजारणीला, तुझ्या आईला, आणखी दोन घरी दिला. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. उरलीस तूच, असं म्हणायची वेळ आणू नकोस.

पुढच्या सुट्टीत ये, म्हणजे शिकवून टाकते. मी काही आता वयाने लहान होत नाही. कृती अवघड नाही, पद्धत अवघड आहे. आधी पाणी, मग त्यात कॉस्टिक सोडा, कधीही उलट नाही. कॉस्टिकची मापं चार. खिडकीच्या कट्ट्यावर मोजणीसाठी चार चमचे मांडायचे. एक माप पडलं की एक चमचा पालथा. चार पालथे झाले की हात थांबवायचा. आमच्या आईची पद्धत आहे ही. डोकं फसवतं, चमचा फसवत नाही.

तुझे काका ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक डब्याला चिठ्ठी चिकटवत सुटलेत. मिठाच्या डब्यावर 'मीठ', आणि खाली 'साखर नव्हे'. भांडीही तेच घासतात. मी अडवत नाही.

तुझ्या टेबलाचा खण अडकतो म्हणे. त्याच्या कडांना मेणबत्ती घास. सुतार बोलावू नकोस.

लोभ आहेच. तो वाढायच्या आधी साबणाचं उत्तर यावं.
तुझी
मावशी


९ मार्च

ती. मावशी हिस,
शि. सा. न. वि. वि.

गुलाबी साबण माझ्यासोबत खोलीत राहणाऱ्या नर्सचा आहे. आईने चौकशी न करता वर्दी दिली. तुझ्या वड्या कपाटात कापडात गुंडाळून ठेवल्या आहेत. इतक्या छान आहेत की वापरून संपवाव्याशा वाटत नाहीत.

खण मेणबत्तीने सरळ झाला. आता इतका सरकतो की परवा माझ्या पायावर पडला. लिंबाच्या सालींचा सिरका गाळला आणि ओटा पुसला. नर्स म्हणाली, आपल्या वॉर्डापेक्षा ही खोली स्वच्छ आहे. फक्त बरणीचं पत्र्याचं झाकण गंजलं. तू काचेचं सांगितलं होतंस, मी ऐकलं नव्हतं. भाज्यांच्या देठांचं सूपही केलं. दोघी प्यायलो आणि दोघींनी एकमेकींना छान आहे असं सांगितलं.

दुकानात बरं चाललंय. सध्या रेशमाच्या टेबलावर नाही, अस्तरं शिवते. बदल म्हणून. मास्तरांची तब्येत आणि आवाज दोन्ही खणखणीत.

एक विचारायचं होतं. तू हिवाळ्यात हातांना लावायचं मलम करायचीस, त्याची कृती देशील का? नर्सला हवी आहे.

काकांना सांग, माझ्यावर चिठ्ठी लावायची झाली तर 'सुतळी, दोरखंड नव्हे' अशी लावा.

माया आहे तशीच असू दे.
तुझी
सुतळी


१४ मार्च

चि. सुतळी हिस,
अनेक आशीर्वाद.

मलमाची कृती: मधमाशीचं मेण एक भाग, तिळाचं तेल चार भाग. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून त्यात वितळव, थेट आचेवर नको. गार होईपर्यंत ढवळ. झाकण घट्ट लाव. ही झाली नर्सची गोष्ट.

आता तुझी. एक, ज्या बाईला रुग्णालयात मलमाच्या नळ्या मिळतात ती माझ्या मेणाची वाट बघत बसत नाही. दोन, तीन वर्षं काज-बटणं करून ज्या मुलीने रेशमाचं टेबल मिळवलं, आणि मिळाल्यावर मला आठ पानी पत्र लिहिलं, ती 'बदल म्हणून' अस्तराकडे जात नाही. तीन, तुझं अक्षर. शाळेत तुला अक्षरासाठी बक्षीस होतं. या पत्रातल्या ओळी जिना उतरत होत्या. तू पेन बोटांत धरलं नव्हतंस, मुठीत धरलं होतंस.

हाताला काय झालंय ते सरळ लिही.

आणि लिहिण्याआधी एक काम कर. माझ्या साबणाची वडी ओली कर आणि तिला जिभेचं नुसतं टोक लाव. पाणी हाताशी ठेव. साबण नीट झाला असेल तर साबणाचीच चव लागते. कॉस्टिक जास्त झालं असेल तर चटका बसतो. प्रत्येक खेपेला मी स्वतः ही परीक्षा घेते. या वेळी नेमकी माझी दाढ काढली होती, म्हणून तुझ्या काकांना लावायला सांगितली. ते म्हणाले, उत्तम. पण ते गेली चाळीस वर्षं प्रत्येक गोष्टीला उत्तम म्हणतात, हे मला हे पत्र लिहिताना सुचतंय.

उत्तर लगेच टाक. लोभाचं नंतर बघू.
मावशी


१९ मार्च

ती. मावशी हिस,
शि. सा. न. वि. वि.

चटका बसला. टॉर्चमधल्या चपट्या बॅटरीला जीभ लावल्यावर बसतो तसा.

आता सगळं सांगते. रेशमाला हात लावण्याआधी दर वेळी हात धुवायचे, असा मास्तरांचा नियम आहे. मी तुझी एक वडी डबीत घालून दुकानात नेली. मिरवायलाच नेली, खोटं कशाला बोलू. दिवसातून दहा वेळा धुवायचे. आठवड्यात बोटं लाल झाली, मग सालं निघाली. मला वाटलं, हवा कोरडी आहे. मग एका लग्नाच्या रेशमी झग्याला टाके घालताना माझ्या बोटाची खरखर कापडात अडकली आणि पुढच्याच भागात एक धागा हातभर ओढला गेला. मास्तर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले की हे हात रेशमाचे नाहीत, महिनाअखेर पुन्हा बघू. तोवर माझी जागा काजवालीकडे. ती चांगली शिवते. महिनाअखेरीला माझे हात बरे नसतील तर ती जागा तिचीच, हेही त्यांनी सांगितलं.

नर्सने वडी हातात घेतली आणि म्हणाली, ही बंद कर. बंद केली. गुलाबी साबण तिने मला आणून दिला.

तुला का कळवलं नाही, तेही लिहिते. मला वाटलं तू म्हणशील, मीच नीट खळबळून धुतलं नसेल. मी आठ वर्षांची असताना तुझा संत्र्याच्या सालींचा जाम करपलाय असं म्हणाले होते. तू सगळ्यांसमोर वही उघडलीस आणि जामाच्या पानावर लिहिलंस, 'करपलेला नव्हता'. पुढची दोन वर्षं आमच्याकडे जामाची बरणी आली नाही. तेव्हापासून तू काही दिलंस की आमच्या घरात सगळे छानच म्हणतात.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र टाक.
तुझी
सुतळी


२३ मार्च

चि. सुतळी हिस,
अनेक आशीर्वाद.

चूक माझी आहे. तू नीट खळबळून धुतलं होतंस.

तुझं पत्र आल्या आल्या कॉस्टिकची बरणी तोलली. मी प्रत्येक खेपेला बरणीवर उरलेलं वजन लिहिते. या वेळी लिहायचं राहिलं होतं. मागच्या नोंदीप्रमाणे असायला हवं त्यापेक्षा बरोबर एका मापाने कमी भरली. म्हणजे चारऐवजी पाच मापं पडली. पांढरा आणि टणक साबण कशाने झाला, तेही कळलं. मी ज्याची शेखी मिरवत होते तीच त्याची खोड होती. एवढं रसायनशास्त्र मला कॉलेजात शिकवलं होतं.

पाचवं माप कसं पडलं, ते शोधायला अर्धा दिवस गेला. त्या दिवशी पहिलं माप टाकलं, पहिला चमचा पालथा केला, आणि दार वाजलं. वरच्या मजल्यावरची बाई नळ गळतो म्हणून अर्धा तास उभी होती. परत आले तर चारही चमचे उताणे. मी म्हटलं, अजून सुरुवात झालेली नाही. आणि चार मापं टाकली.

तुझ्या काकांना विचारलं. ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले होते. रांगेतला एक चमचा उलटा दिसला, तो त्यांनी सरळ केला. चौतीस वर्षं कपाटातली उलटी पुस्तकं सरळ केलेला हात तो. दोष त्यांचा नाही. चाळीस वर्षांत चमचे कशासाठी असतात हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही, कारण मी कामात असताना विचारायची सोय नसते, असं ते म्हणाले.

मग जिभेचं विचारलं. चटका बसला होता. जीभ दोन दिवस बधिर होती. माझ्या काढलेल्या दाढेची जागा ठणकत होती, वड्या पाडून झाल्या होत्या आणि मी खूश दिसत होते, म्हणून ते उत्तम म्हणाले.

मी चारही घरी गेले आणि वड्या परत मागितल्या. शेजारीण त्याने तवे घासत होती आणि तवे लखलखीत झाले म्हणून गप्प होती. एकीने वडी दाराच्या फटीत अडकवली होती, दार आपटू नये म्हणून. दोघींनी कागदसुद्धा उघडला नव्हता. त्यातली एक तुझी आई. माझी सख्खी बहीण तुझ्या गुलाबी साबणाची चुगली करायला माझ्याकडे आली आणि स्वतःच्या वड्यांवर मूग गिळून बसली. चटका खाल्लेल्यांपैकी किंवा संशय आलेल्यांपैकी एकानेही मला शब्द सांगितला नव्हता. परत आलेल्या वड्या किसून ठेवल्या आहेत, फरशी घासायला होतील. हातमोजे घालून.

आता तुझे हात. आठ दिवस आहेत. दिवसातून चार वेळा मलम. झोपताना लावून वर सुती मोजे चढव. भांडी नर्सला घासू दे, तिला सांग मी सांगितलंय. सालं ओढू नकोस. काही वाईट वाटलं तर ते मला लिही आणि लिहिताना छान हा शब्द वापरू नकोस.

मास्तरांना मी स्वतंत्र पत्र टाकलं आहे. हात तुझे बिघडले पण दोष माझा आहे, एवढंच त्यात आहे. रदबदली केलेली नाही. रेशीम त्यांचं आहे.

मावशी


१ एप्रिल

ती. मावशी हिस,
शि. सा. न. वि. वि.

काल महिनाअखेर झाली. मास्तरांनी रेशमाचा एक तुकडा घेतला आणि माझ्या दोन्ही तळहातांवरून, मग एकेका बोटावरून ओढला. सगळं दुकान माना खाली घालून शिवत होतं आणि एकही सुई चालत नव्हती. नऊ बोटांवरून तुकडा घसरला. डाव्या अंगठ्यावर अडकला.

मास्तरांनी पातळ सुती पट्टी आणली, स्वतः अंगठ्याला गुंडाळली आणि म्हणाले की झग्याची खालची दुमड घे, पुढचा भाग काजवालीच करेल, अंगठा बरा झाला की बोलू. म्हणजे टेबल मिळालं, अर्धं. काजवाली सरकून बसली आणि म्हणाली की तिला एकटीला त्या टेबलावर भीतीच वाटत होती.

तुझं पत्र मास्तरांनी वाचलं. इतक्या वर्षांत चूक आपली आहे असं लिहून कळवणारं गिऱ्हाईक एकही भेटलं नाही, असं म्हणाले. मी म्हटलं, ती गिऱ्हाईक नाही, मावशी आहे. मलमाची कृती त्यांनाही हवी आहे. या खेपेला खरंच त्यांना हवी आहे.

छान हा शब्द न वापरता लिहिते: मलमाला वास येतो. जुन्या मेणबत्तीचा. गुण मात्र आहे.

साबण शिकायला येणारच होते, पण आता सुट्टी मिळणार नाही. तूच लिहून पाठव.
तुझी
सुतळी


६ एप्रिल

चि. सुतळी हिस,
अनेक आशीर्वाद.

वास मेणाचा आहे, जुनं मेण होतं. बदलते.

तुझे काका शनिवारच्या बसने येत आहेत. त्यांच्याकडे पाठवलेल्या वस्तूंची नोंद खाली आहे. मोजून घे आणि पोच त्यांच्याच हाती लिहून दे.

१. तराजू आणि वजनं. यापुढे कॉस्टिक तोलायचं, मापाने टाकायचं नाही.
२. लाकडी साचे दोन, वड्या पाडायची सुरी एक, रबरी हातमोजे एक जोडी.
३. चमचे तीन. पद्धत बंद, सूप प्यायला वापर. चौथा माझ्या खिडकीत पालथा आहे आणि तिथेच राहील. काकांनी त्याला चिठ्ठी लावली आहे.
४. कृतींची वही. सगळी पानं वाचून तपासली. पान सतरावर आजच्या तारखेने दुरुस्ती केली आहे: 'जाम करपला होता.'
५. मलमाची डबी एक, मास्तरांसाठी.
६. बिघडलेल्या साबणाचा तुकडा एक, कागदात. चटका कसा असतो ते लक्षात राहावं म्हणून. मी माझ्याकडेही एक ठेवला आहे.

यापुढे साबण तू करायचास. पहिल्या खेपेतल्या दोन वड्या मला पाठव. जीभ मी लावीन आणि जे लागेल ते लिहीन. तूही तसंच लिहीत जा. लोभ त्याने कमी होणार नाही, हे मी जबाबदारीने लिहिते आहे.

तुझी
मावशी


पोच. शनिवार.
वरील सहाही बाबी मिळाल्या, मोजून घेतल्या. चमचे तीन बरोबर. डबीचं झाकण सैल होतं. वहीच्या शेवटच्या दोन पानांना तेल लागलं आहे, अक्षर वाचता येतं. काकांना प्रवास कसा झाला विचारलं. उत्तम नाही म्हणाले, पाठ दुखली.
सुतळी