मुद्देमाल क्रमांक सात, म्हणजे आमच्या बाळाची नाळ, बापासह परत मिळणेबाबत

प्रति,
मा. तपास अधिकारी,
सेना पोलीस तपास पथक
(पत्ता लष्करी असल्याने पाकिटावर नुसत्या आकड्यांत लिहिला आहे.)

अर्जदार: सौ. समीक्षा कल्पेश कोळी, राहणार उरण नाक्याजवळ, पनवेल, जि. रायगड

विषय: मुद्देमाल क्र. ७ (बाळाची वाळलेली नाळ, सोड्यांच्या डब्यासह) आणि तिच्यापायी अडकून पडलेले नायक कल्पेश कोळी, दोन्ही घरी पाठवणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या पथकाने पनवेलला येऊन घेतलेला अर्जदाराचा जबाब.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज. ते योग्य मार्गाने निघाले होते आणि बहुधा अजून त्याच मार्गावर आहेत.

महोदय,

१. अर्जदार ही आपल्या चौकशीत असलेल्या नायक कल्पेश यांची पत्नी असून चार महिन्यांच्या एका मुलीची आई आहे. इथे मुलीचे नाव लिहायला हवे होते. ते अजून ठेवलेले नाही, आणि का ठेवलेले नाही हाच या अर्जाचा मजकूर आहे. मूल आत्ता झोपले आहे. ते उठायच्या आत अर्ज पुरा व्हायचा असल्याने भाषेत कुठे घाई दिसल्यास माफी असावी.

२. अर्जदाराचे सासर उरणजवळच्या करंजा गावचे, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीचे. बाप होडीवर असताना घरी मूल जन्मले, तर बाळाची गळून पडलेली नाळ वाळवून, हळद-वेखंड लावून, फडक्यात बांधून दुसऱ्या होडीने बापाकडे पोचवायची, अशी या घराची रीत आहे. बापाने ती जवळ बाळगून घरी यायचे, गाठ स्वतःच्या हाताने सोडायची, नाळ दारच्या नारळीच्या बुंध्याशी पुरायची आणि मग बाळाचे नाव ठेवायचे. मधे दुसऱ्या कोणी गाठ सोडायची नाही. ज्याच्यापाशी घरची नाळ आहे त्याला दर्या ठेवून घेत नाही, असे मानतात. कल्पेश यांनी होडी सोडून फौज धरली, नेमणूक बर्फाळ सरहद्दीवर झाली, तरी सासूबाई गंगाबाईंनी रीत सोडली नाही. त्या म्हणाल्या, "पानी नाय तं बरफ. बाप घराभायेर हाय ना? मंग नाळ जायला पायजे." पार्सलमध्ये जागा वाया घालवणे सासूबाईंच्या स्वभावात नसल्याने नाळेची पुरचुंडी सोड्यांच्या डब्यात ठेवली गेली. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. हा खुलासा आपल्या पथकाला आधीच मिळाला असता तर बरेच सरकारी कष्ट वाचले असते.

३. बारशासाठी कल्पेश यांची रजा मंजूर झाली, ट्रंक भरून झाली, आणि त्याच सुमारास त्यांच्या युनिटच्या भांडारातून रात्री पाहायची एक दुर्बीण नाहीशी झाल्याचे आढळले. आपल्या पथकाने तपासात काहीही कसूर ठेवली नाही, हे अर्जदार मोकळ्या मनाने मान्य करते. भांडाराला दोरी बांधली. ज्या फळीवर दुर्बीण नव्हती, त्या रिकाम्या जागेचे शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढले. नंतर श्वान आणले. श्वानाचे भांडारात मन रमेना. ते सरळ बराकीत गेले आणि कल्पेश यांच्या ट्रंकेसमोर लाळ गाळत बसले. आपण याची नोंद 'श्वानाने ठाम संकेत दिला' अशी केल्याचे कळते. अर्जदाराच्या घरी मांजर असा ठाम संकेत रोज देते, पण तिच्या जिवावर आजवर कोणाची रजा रद्द झालेली नाही.

४. डब्यात दुर्बीण निघाली नाही. पुरचुंडी निघाली. कल्पेश म्हणाले, "साहेब, गाठ तेवढी सोडू नका." संशयितांना शोभणारे वाक्य याहून चांगले सुचले नसते. हातमोजे चढले, चिमटा आला, गाठ सुटली आणि 'तपकिरी, सुकलेला, पिवळसर भुकटी लागलेला सेंद्रिय पदार्थ' जप्त झाला. हा पदार्थ काय आहे, थोडक्यात सांग, असे विचारल्यावर कल्पेश यांनी फारच थोडक्यात सांगितले. ते म्हणाले, "माझी मुलगी आहे, साहेब." त्या एका उत्तरावर पुढे तीन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी तीन वेगवेगळ्या खोल्यांत त्यांना तेच तेच विचारले, कारण जबाब जुळतात का ते पाहायची तशी पद्धत आहे. जबाब जुळले. फार जुळतात म्हणून पढवलेले असावेत, असा शेरा पडला.

५. मग आपले सुभेदारसाहेब एका जवानाला घेऊन पनवेलला आले. मूल नुकतेच झोपले होते. अर्जदाराने सांगितले, काय विचारायचे ते हळू विचारा, उठलं तर तुम्हालाच झोपवावं लागेल. त्यामुळे सैन्याच्या इतिहासात बहुधा प्रथमच एक संपूर्ण चौकशी कुजबुजत पार पडली. "पदार्थाचा पुरवठा कुठून झाला?" असे सुभेदारसाहेबांनी कानाशी येऊन विचारले. अर्जदाराने पाळण्याकडे बोट दाखवले. ते लिहून घेतले गेले. "या साखळीत आणखी कोण आहे?" तेव्हा नाक्यावरची मासळी विकून पाटी घेऊन सासूबाई आल्या. त्यांना कुजबुज येत नाही. त्या म्हणाल्या, "मीच हाय साखली. मीच बांधली, मीच पाठवली. तुमचा कुत्रा हुशार हाय बाबा, चांगला माल वलखला. तुमाला नाय वलखला." मूल उठले. जवानाने त्याला मांडीवर घेऊन थोपटले, आणि जबाबाची शेवटची दोन पाने त्याच स्थितीत पूर्ण झाली. तो जवान मुलांच्या बाबतीत तयार दिसला. त्याचे कौतुक त्याच्या साहेबांपर्यंत पोचावे.

६. यानंतर दुर्बीण सापडली. सापडली म्हणण्यापेक्षा ती आपली आपण परत आली, कारण ती दुरुस्तीला गेली होती आणि दुरुस्त झाली. चोरीचे प्रकरण त्याच दिवशी मिटले. परंतु क्रमांक एक ते सहा या वस्तू परत करताना क्रमांक सातचे काय, हा प्रश्न उभा राहिला. पदार्थाचा चोरीशी संबंध नाही हे सिद्ध झाल्यामुळे त्याचा कशाशीच संबंध उरला नाही, आणि ज्याचा कशाशीच संबंध नाही तो पदार्थ अधिकच संशयास्पद, म्हणून त्याची स्वतंत्र चौकशी सुरू झाली. हा तर्क अर्जदाराने मूल पाजताना पुन्हा पुन्हा मनात फिरवून पाहिला. दर वेळी तो नव्याने आवडतो.

७. प्रयोगशाळेने कळवले की पदार्थ मानवी आहे. आता तो कोणाचा, हे ठरवायला बाळाच्या लाळेचा नमुना हवा. नमुना घ्यायला अर्जदार बाळाला घेऊन सांगितलेल्या जागी गेली. तिथल्या बाईंनी कापूस काढला, नळी काढली आणि विचारले, "नाव?" अर्जदार म्हणाली, अजून नाही. बाई म्हणाल्या, नावाशिवाय नमुना घेता येत नाही, मिसळामिसळ होते. अर्जदार म्हणाली, नाळ आल्याशिवाय नाव ठेवता येत नाही. बाई म्हणाल्या, नमुन्याशिवाय नाळ सुटत नाही. दोघींनी एकमेकींकडे पाहिले. बाळाने तेवढ्यात तो कापूस तोंडात घातला होता. नमुना तयार होता, फक्त त्याला नाव नव्हते, म्हणून तो टाकून देण्यात आला.

८. काहीतरी नाव लिहून दे आणि मोकळी हो, असे अर्जदाराला पुष्कळांनी सुचवले. शेजारच्या मिरियम आजी रोज जिन्यात विचारतात, "ठेवलं का गं?" आणि उत्तर ऐकून मुलीच्या गालाला हात लावून खाली उतरतात. सासूबाई तिला 'ए बाये' म्हणतात. फोनवर कल्पेश 'ती' म्हणतात. "ती काय करते? ती हसते का?" मोठा आवाज करून हसते, हे त्यांनी अजून पाहिलेले नाही. नवऱ्याच्या माघारी नाव ठेवले तर आकाश कोसळणार नाही, हे अर्जदाराला कळते. ती शिकलेली आहे. पण ज्या दिवशी ती खोटे नाव लिहील, त्या दिवशी हा माणूस परत येईपर्यंत थांबायचे आपण सोडले, असे तिचे तिला वाटेल. एवढे आपल्या कोणत्याही रकान्यात बसत नाही, म्हणून इथे लिहिले.

९. तरी विनंती अशी की, मुद्देमाल क्रमांक सात संशयितासोबतच पाठवावा. संशयित पळून जाईल अशी धास्ती असल्यास सोबत पहारा द्यावा. पहारेकऱ्यांची जेवायची सोय करंजाला होईल. तो थोपटणारा जवान आला तर उत्तम. श्वानही आणावे. सुटलेल्या गाठीचे काय, असे सासूबाईंना विचारले आहे. त्या म्हणतात, बापाने पुन्हा बांधावी आणि पुन्हा सोडावी, दर्याला एवढं चालतं.

१०. मूल उठले. पाळण्यातून माझ्याकडे बघते आहे. साहेब, आता अर्जदार वगैरे राहू दे. मला तिला हाक मारायची आहे, आणि ती हाक तुमच्या कपाटात आहे.

आपल्या तपासाच्या यशापयशाबद्दल अतिशय आदर बाळगून थांबलेली,
समीक्षा कल्पेश कोळी
पनवेल, दि. ११ डिसेंबर २०२५

सोबत:
१) जन्मदाखल्याची प्रत. नावाची जागा कोरी आहे, ती चूक नव्हे.
२) सोड्यांचा नवा डबा, श्वानासाठी.
३) सीलबंद पाकीट एक. आत बाळाचे ठरवलेले, पण अजून न ठेवलेले नाव आहे. ते नायक कल्पेश यांनीच, घरी आल्यावर उघडावे. आपल्या पद्धतीप्रमाणे लाख लावायची होती. ती घरात नव्हती, म्हणून मेणबत्तीचे मेण वापरले. मेण निवत आल्यावर त्यावर ठसा घेतला आहे. तो बाळाच्या अंगठ्याचा आहे.