नायिका 'येतो' म्हणते

७ एप्रिल, मंगळवार
पुण्याच्या मॅडमचा मेल आला. गोष्टी ऐकायच्या ॲपसाठी वाचून पाठवलेले प्रेमकादंबरीचे तिन्ही भाग परत. "आवाज छान आहे. पण नायक कुठला, नायिका कुठली, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. तुमची नायिका 'मी येतो', 'मी सांगतो' म्हणते. कृपया लिहिल्याप्रमाणे 'येते', 'सांगते' वाचावे."
कागद काढून बघितला. 'येते'च लिहिलंय. माझ्या तोंडातनं निघताना बदललंय. आता मी पोरगी असून जन्मात कधी 'येते' म्हटलेलं नाही. आई 'येतो' म्हणते, ताई 'येतो' म्हणते, ताईच्या ह्या आख्ख्या कळंब्यातल्या बायका म्हणतात. कुणाला काही अडलं नाही आजवर.
ताईला सांगितलं तर म्हणाली, "मग म्हण की येते. जीभ झिजती काय?"
दाजी जेवता जेवता, वर न बघता : "मोबाईलचं दुकान झालं, पंप झाला, पार्लर झालं. कॉलेज तर झालंच न्हाय. ह्ये पाचवं. शनिवार अठरापतूर ह्या वाचायच्या ट्रायलला पास झालीस तर बस घरात बडबडत. न्हायतर वारणानगरला पॅकिंगला. सांगून ठेवलंय मी."
एका जागी आठ तास उभं राहून पॅकिंग. मी. चार दिवस टिकणार नाही.

८ एप्रिल
दुपारभर कपाटात डोकं, वरनं वाकळ, म्हणजे आवाज घुमत नाही. घामानं फोन निसटतोय. कादंबरीत मात्र एसी.
नायक कंपनीचा मालक. काम काय, तर काचेतनं खाली बघणे आणि 'गूढ स्मित' करणे. तीन भागांत चौदा वेळा गूढ स्मित. शिरोलीत फौंड्रीवर दाजींचा मालक असतो, भट्टीपाशी उभा राहून नुसता वरडत असतो. त्याच्यावर कोण भाळणार म्हणा.
"मी उद्याच राजीनामा देते" नीट आलं. पुढच्याच वाक्याला "मी तुमचं तोंडही बघणार नाही, सांगून ठेवतो!" परत पहिल्यापासून. मग जमलं, तर कुकरची शिट्टी. ताईला बोललो तर म्हणते, भात बंद करू काय तुझ्या प्रेमापायी?

९ एप्रिल
रेकॉ. शून्य. दुसऱ्या कादंबरीची फाईल उघडली, पहिलं पान बघू म्हणून. ही लांडग्याची. दिवसा माणूस, पौर्णिमेला लांडगा, वय तीनशे, नाव रुद्र. दळण आणायला बाहेर पडलो होतो, ते तळ्याच्या बांधावर बसून भाग अकरापर्यंत वाचलं. गिरणी बंद झाली.
चीड येते. तीनशे वर्षं जगलाय आणि एका पोरीला सरळ विचारता येत नाही, जेवलीस काय म्हणून. त्याला खोट्याचा वास येतो म्हणे. वास येतो तर मग गैरसमज कसे होतात? लिहिणारीला विचारायला पाहिजे.
तरी वाचतोच आहे. ही आणखी एक चीड.

११ एप्रिल
सराव म्हणून दिवसभर 'ते' लावूनच बोलायचं ठरवलं. गडहिंग्लजला आईला फोन.
"आई, मी बोलते. कशी आहेस?"
"कोन पायजे तुमाला?" आणि कट.
परत लावला. "अगं मी हाय!"
"मग अशी पावण्यावानी का बोलतीस? बरी हाईस न्हवं? का पुण्यातला कुनी बघितलास?"
अर्धा तास शपथा घेतल्या. तरी पटलेलं दिसत नाही.

१३ एप्रिल
मालकाची कादंबरी एकदाची मंजूर. रुद्रचेही अकरा भाग ह्या चार दिवसांत वाचून पाठवले. भाग बारा मंजूर झाला की मी पास, असं मॅडमनी कळवलं.
संध्याकाळी शेजारच्या मुमताजभाभींनी हाक मारली. त्या ब्लाऊज शिवतात, आमच्या कपाटामागं त्यांचं मशीन, मधे एकच भिंत.
"काय गं, लांडगं आज आलं न्हाय व्हय?"
मला कळेना. मग कळलं, सगळं ऐकतायत. आठवडाभर.
"तुझा आवाज आला की मी मशीन बंद करतो. पर ती पोरगी परवापास्नं बातम्या दिल्यागत का बोलाय लागलीया? आजारी हाय?"
म्हटलं, भाभी, ती शुद्ध बोलतेय. त्या म्हणाल्या, "आसंल. पर मग खरी वाटत न्हाय."
यांना काय जातंय. पॅकिंगला मी जाणार.

१५ एप्रिल
भाग बारा पाठवला होता, मॅडमचा फोनच आला. आवाज चढलेला.
"अहो, ती त्याला सोडून चालली आहे! लिहिलंय, 'मी जाते, रुद्र. कायमची.' तुम्ही काय म्हणालात?"
मी लावून ऐकलं. "मी येतो, रुद्र. कायमची."
म्हणजे बाई बॅग घेऊन नांदायलाच आली की.
पण माझा काय दोष? घरातनं निघताना 'जातो' कोण म्हणतं? रागावून निघालेला माणूससुद्धा 'येतो'च म्हणतो. भरल्या घरात 'जातो' म्हटलं की आई तोंडावर हात ठेवायची. ती सवय जिभेत बसलीय, ते-तो नंतरची गोष्ट.

१६ एप्रिल
सात वेळा केलं. 'मी जाते' म्हणायला गेलो की 'येतो'च निघतं. आठव्यांदा स्पष्ट म्हटलं. तर भिंतीवर धाडधाड.
"ए! जाते काय म्हन्तीस दिवेलागणीला? येतो म्हण!"
सगळं रेकॉर्ड झालं. भाभींसकट.
चिडून फोन फेकला वाकळेवर आणि पुढं वाचत बसलो. शेवटपर्यंत संपवली. भाग सव्वीस वाचल्यावर उठून बसलो.

१७ एप्रिल
मीच फोन केला मॅडमना. बोलायच्या घाईत शुद्ध-बिद्ध सगळं गेलं.
"मॅडम, ती परत येती. भाग सव्वीसला."
"कोण म्हणालं?"
"मी वाचलंय की. तो तवापास्नं उंबऱ्यातच बसून असतोय. का बसंल? ती कायमची जाते म्हणाली असती, तर तो कशाला थांबला असता? आणि त्याला खोट्याचा वास येतो म्हणून पहिल्याच भागात लिहिलंय. तिच्या मनात परत यायचं हाय, त्येला कळलंय. मग तिला 'येतो'च म्हणू दे. बरं, 'येते' म्हणू दे. तेवढं मी करतो. पर 'जाते' नको."
पलीकडं माऊसची टकटक.
"मी भाग सतरापर्यंतच तपासलंय," त्या म्हणाल्या. आवाज उतरलेला. "कितवा भाग म्हणालात?"
"सव्वीस."
"वाचते. मग सांगते."

१८ एप्रिल, शनिवार
सकाळपासनं फोन हातात. काही नाही. दाजींनी सुट्टी टाकलीय मला वारणानगरला सोडायला, तीही मलाच ऐकवली दोनदा. ताईनं डबा भरला, माझ्याकडं न बघता. भाभी दारात येऊन विचारून गेल्या, "ती आली काय गं परत?" सांगितलं नाही. सगळ्यांनाच आयतं पाहिजे.
सव्वादहाला मॅडमचा मेसेज. झडप घातली. दोनच शब्द : "भाग एकवीस."
पास नाही, नापास नाही. पुढं काही टाईप करतायत असंही दिसेना.
बाहेर दाजी हॉर्न देतायत. ताई म्हणते, चप्पल घाल. घातली एक.
सव्वीसला अजून पाच भाग. किती सावकाश वाचते ही बाई.